सामायिक यंत्राची दिनचर्या

एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, ही कल्पना फर्नांडो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत प्रत्यक्ष करून दाखविली. सामायिक यंत्रावरील ताण मोजावा कसा, हा प्रश्न मग ओघानेच आला. पुढे ‘टेनेक्स’ या प्रणालीत सरासरी भाराचे माप योजिले गेले. एकाच प्रक्रियकावर भार पाच, म्हणजे एक काम चालू आणि चार ताटकळत. जुलै १९७३ मधील अशा भारांच्या नोंदी पुढच्याच महिन्यात ‘अर्पानेट’ जाळ्यावर प्रसृत झाल्या. क्षणाचा आकडा फसवा असतो. महिन्याच्या नोंदींतून मात्र गर्दीचे आणि निवांत तास उमगतात. सामायिक ठेव्याची राखण अखेर नोंदवहीच करते, हे ग्रंथालयाच्या सभासदांस वेगळे सांगावयास नको.