सागाचा गाभा आणि पांढरे मीठ

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा घाटरस्ता जेथे सिपना नदीच्या काठाशी येतो, तेथे सेमाडोह हे लहानसे गाव वसले आहे. आणि ‘सिपना’ हे कोरकू भाषेत सागाचेच नाव असल्यामुळे, या मुलखाचा इतिहास कोणत्या झाडाभोवती फिरला हे सांगण्यासाठी दफ्तर उघडावे लागत नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, १८६४ साली हिंदुस्थान सरकारचे जंगल खाते उभे राहिले, १८६७ साली भुसावळकडून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोचला, आणि मेळघाटासारख्या डोंगराळ, दुर्गम परगण्याकडे पाहण्याची सरकारी दृष्टीच पालटली. रुळांखाली आडवे टाकावयाचे स्लीपर हजारोंनी लागत. त्यासाठी सारेच लाकूड योग्य नसते, हे रेल्वेच्या अंमलदारांना प्रथम वाळवीने शिकविले.

वऱ्हाडात जिला उधई म्हणतात तिचे काम पाहावयाचे असल्यास जंगलात पावसाळाभर पडून राहिलेला सागाचा ओंडका पाहावा. कापलेल्या तोंडाशी बाहेरून फिकट पांढऱ्या रसकाष्ठाचे कडे आणि आत सोनेरी-तपकिरी गाभा दिसतो. उधई मातीच्या नळ्या बांधून कड्याचा भुगा करते, पण गाभ्यापाशी आली की बहुधा मागे फिरते. वृक्ष स्वतःच्या गाभ्यात जी द्रव्ये साठवतो त्यांपैकी टेक्टोक्विनोन हे वाळवीस वर्ज्य असल्याचे रसायनशास्त्रज्ञांनी पुढे दाखविले. पण साग महाग, आणि बाकीच्या झाडांना हे औषध निसर्गाने दिलेले नाही. तेव्हा त्यांना ते बाहेरून पाजावे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकातच रूढ झाला: कायनने १८३२ साली पाऱ्याचे क्षार वापरले, बेथेलने १८३८ साली दाबाखाली क्रिओसोट तेल मुरवले, आणि आपल्याकडील आरंभीच्या लोहमार्गांसाठी क्रिओसोट मुरवलेले बाल्टिकचे पाइनही जहाजांनी आले. सागाच्या देशात परदेशी पाइन यावे, ही गोष्ट त्या कारभाराच्या हिशेबाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या औषधांच्या पंक्तीत सोडिअम फ्लुओराइड येऊन बसले. दिसावयास मिठासारखे वा पिठासारखे शुभ्र, वासहीन, आणि शंभर भाग पाण्यात सुमारे चार भागच विरघळणारे असे हे लवण, ऑस्ट्रिया व जर्मनीतील रसायनज्ञांनी डायनायट्रोफिनॉलबरोबर मिसळून ‘वोल्मन क्षार’ या नावाने खाणींच्या आधारखांबांत वापरात आणले. त्याचा विशेष गुण असा की ओल्या, नुकत्याच तोडलेल्या लाकडात ते पाण्याच्याच वाटेने आपोआप आत उतरते. आणि दोष असा की ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने पावसात बाहेरही येते. म्हणून त्यास डायक्रोमेटची जोड देण्याची रीत पडली. आपल्याकडे देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमिअम व आर्सेनिक यांचे ‘एस्कू’ हे मिश्रण सिद्ध केले, जे लाकडास अधिक घट्ट धरून राहते. आर्सेनिकाच्या मानाने फ्लुओराइड सौम्य, असा समज मात्र करून घेऊ नये.

याचे कारण १८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या सेलम येथील मनोरुग्णालयाने जगास दाखविले. झुरळे मारण्याची सोडिअम फ्लुओराइडची भुकटी दुधाची पावडर समजून अंड्यांच्या पदार्थात घातली गेली. २६३ जण आजारी पडले व ४७ दगावले. पाच ते दहा ग्रॅम म्हणजे केवळ चमचाभर मात्रा प्रौढ माणसाचा प्राण घेऊ शकते. पाच वर्षांनी अमेरिकेच्या कायद्याने ही कीटकनाशक भुकटी पांढरी ठेवण्यास मनाई करून तिला रंग देणे सक्तीचे केले. लेबलापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबावे, हे शहाणपण सत्तेचाळीस जीव गेल्यानंतर आले. हाताळताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून मुखपट्टी, हातांत रबरी मोजे, आणि साठवण कोठारात धान्यापीठापासून दूर, कुलपात. आम्लाचा संसर्ग तर मुळीच होऊ नये, कारण त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल निघते, जे काचही खाते आणि हाडापर्यंत पोचते.

फ्लुओराइडला चुन्याचे अनावर वेड आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे यातील पुष्कळ गोष्टी एकत्र उलगडतात. ते पोटात गेले म्हणजे रक्तातील कॅल्शिअम ओढून घेते आणि हृदयाची गती बिघडते. वेळीच दूध किंवा चुन्याची निवळी दिली असता ते पोटातच कॅल्शिअमला बिलगून न विरघळणारे होते, मात्र रोग्यास तत्काळ दवाखान्यात नेणे चुकत नाही. भिंतीच्या चुन्यात टेकलेल्या तुळईत मुरवलेले फ्लुओराइड निकामी व्हावे, तेही याच मायेपायी. आणि वऱ्हाडच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा-झरी भागातल्या काही विहिरींच्या पाण्यात हे द्रव्य खडकांतून अधिक उतरते. तेथे ते दात डागाळते, हाडे जखडते, कारण दात नि हाडे म्हणजे शेवटी कॅल्शिअमच. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे आपण ज्याला ‘नीरी’ म्हणतो तिने, यावर ‘नलगोंडा पद्धत’ काढली: चाळीस लिटरच्या बादलीत तुरटी, चुना नि थोडी ब्लीचिंग पावडर घालून दहा मिनिटे ढवळावे, तासभर निवळू द्यावे, आणि तोटी बादलीच्या तळापासून दोन बोटे वर बसवावी, म्हणजे खाली बसलेला गाळ पाण्याबरोबर येत नाही.