साष्टीतील सुरण व शेवळा : एका दुर्गंधी प्रजातीचा इतिहास

इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी याला १८७८ साली सुमात्राच्या अरण्यात मनुष्याहून उंच फुलोऱ्याची एक वनस्पती आढळली. तिच्या बियांपासून वाढविलेले एक रोप जून १८८९ मध्ये लंडननजीकच्या क्यू उद्यानात फुलले. कंदातून उगवणारी आणि कुजक्या मांसासारखी दुर्गंधी सोडणारी वनस्पती म्हणजे काचगृहात जोपासावयाची परदेशी अपूर्वाई, ही समजूत पुढे रूढ झाली. मुंबईच्या उपनगरांतील हौशी मंडळीही आता अशाच कंदांना परदेशी नावांनी ओळखून कुंड्यांत लावतात. वस्तुतः बेक्कारीच्या वनस्पतीची प्रजाती, ॲमॉर्फोफॅलस, साष्टी बेटास मुळीच परकी नाही. तिची एक जाती, सुरण, परसात लावली जात आली. दुसरी, शेवळा, बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधल्या डोंगरांत आपोआप उगवते. युरोपने या प्रजातीचा फुलोरा पाहण्यासाठी गर्दी केली. साष्टीने तो उमलण्यापूर्वीच चुलीवर ठेवला.

सुरणाचे संस्कृत नाव ‘अर्शोघ्न’ अमरकोशात आढळते, म्हणजे मूळव्याधीवरील त्याची ख्याती जुनीच आहे. लागवडीची रीत साधी होय. उन्हाळ्याच्या अखेरीस डोळा राखलेले कंदाचे तुकडे लावावयाचे. पावसाळ्यात छत्रीसारखे एकच पान वाढते. ते पिवळे पडून आडवे झाले की कंद खणावयाचा. फुलोरा मात्र बरीच वर्षे जमिनीत राहून पोसलेल्या कंदालाच येतो, आणि तोही पान येण्यापूर्वी, पहिल्या सरींच्या सुमारास. दक्ष गृहस्थ तोपर्यंत कंद ठेवीतच नाही. अंगणात सुरण फुलला आणि शेजारी मेलेला उंदीर शोधू लागले, तर तो विसरलेला कंद समजावा. हा फुलोरा तापतो. त्या उष्णतेने गंध दूरवर पसरून मळकुजीवर जगणारे भुंगेरे परागणासाठी येतात. या कुलातील उष्णतेचा उलगडा १९८७ साली झाला. भारतातच उगवणाऱ्या सॉरोमॅटम या नातलग वनस्पतीत सॅलिसिलिक आम्ल हे उष्णतेचे प्रवर्तक असल्याचे त्या वर्षी सिद्ध झाले.

शास्त्रीय नामकरणाचा वृत्तांत विशेष बोधक आहे. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात (१६९२) मलबारातील सुरणाचे चित्र आले. त्या चित्राच्याच आधारे १८१८ साली डेनस्टेट याने ‘पिओनीफोलियम’ हे विशेषण योजिले. रॉक्सबर्ग याने दिलेले ‘कँपॅन्युलेटम’ हे नाव अधिक प्रचारात राहिले. जुने विशेषण आजच्या प्रजातीत आणून त्याला मान्यता मिळवून दिली ती निकल्सन याने १९७७ मध्ये. ऱ्हीडच्या पहिल्या खंडात (१६७८) रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापले आहे. तेव्हा सुरणाच्या युरोपीय नावामागेही याच किनाऱ्याची विद्या उभी आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

शेवळ्याचे शास्त्रीय नाव एंग्लर याने १८७९ साली निश्चित केले. परंतु त्याचे खरे ज्ञान स्वयंपाकघरात आहे. ज्येष्ठाच्या आरंभी जमिनीतून वर येणारे मिटलेले फुलोरे आदिवासी स्त्रिया खुडून जुड्या बांधतात. सोमवंशी क्षत्रिय, पाठारे प्रभू व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांच्या घरी त्यांची भाजी होते, पुष्कळदा कोळंबी घालून. कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो म्हणून काकडाची आंबट फळे किंवा चिंच लागते. निवडताना तळाचा पिवळा भाग काढून टाकतात. हा पिवळा भाग म्हणजेच खरी फुले. खाल्ले जाते ते आवरण आणि टोकाचा वांझ दांडा. आणि नेमका हाच दांडा उमलल्यावर दुर्गंधी निर्माण करणारा अवयव होय! दुर्गंधी येण्यापूर्वीच तो रुचकर असतो, ही पारख कोणी एका वनस्पतिशास्त्रज्ञाने शिकविलेली नाही.

या व्यवहाराला एक दुसरी बाजू आहे. खुडलेल्या फुलोऱ्याला बी धरत नाही. कंद जमिनीत शाबूत राहिला तर पुढील वर्षी पुन्हा कोंब येतो. पण जमीनच गेली तर बियांवाचून नवी वस्ती व्हावी कशी? मुंबई उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा झाला. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आले. वाड्या व परसे इमारतींखाली गेली, आणि त्यांबरोबर सुरणाचे वाफेही. डोंगराचा जो भाग आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो तो राहिला. आता बाजारात येणाऱ्या जुड्या बहुधा वसई, पालघर, कर्जत या बाजूंच्या असतात. विकणारी बाई जुडीसोबत मूठभर काकडे देते. घरात सांगणारे कोणी न उरलेल्या गिऱ्हाइकाला पिवळा भाग कोठून तोडावा हेही तीच दाखविते.