गाडीला तेल पाजायचे दिवस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त आहे आमच्या नातवाचे. गेल्या वर्षी त्याने घराच्या मागच्या शेडमध्ये एक चाकांचे घर बांधले. जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचे. आत दोघांना झोपता येईल एवढी जागा, मागच्या बाजूला स्वयंपाकाचा ओटा. खाली लोखंडी सांगाडा, वर प्लायवूडच्या भिंती. बाहेरून पांढरा रंग आणि त्यावर एक निळा पट्टा. नगरच्या रस्त्यावरून (कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे) ते निघाले की लोक वळून बघत.

जूनमध्ये काजवे बघायला तो ते घेऊन भंडारदऱ्याला गेला. आपला जिल्हा मोठा गमतीचा आहे. पाथर्डी-शेवगावकडे ढगांची वाट बघण्यात अर्धा पावसाळा जातो आणि त्याच जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरात घाटघरला पाऊस थांबायचे नाव घेत नाही. तीन दिवस संततधार लागली. परत आल्यावर बघितले तर दाराखालची प्लायची कड पावासारखी फुगलेली! बोटाने दाबली तर पापुद्रे सुटून आले.

नातू हिरमुसला. म्हणाला, "आजोबा, रंगाचे दोन हात दिले होते हो. चांगल्या कंपनीचा रंग होता."

मी विचारले, "कडांना काय दिलं होतंस?"

तो गप्प झाला. कडा पट्टीखाली झाकल्या जाणार म्हणून त्याने त्या कोऱ्याच ठेवल्या होत्या. आणि मला एकदम आमच्या दादांचा आवाज ऐकू आला.

दादा म्हणजे माझे वडील. आमचे गाव पाथर्डी तालुक्यात. कोरडवाहू शेती, एक बैलजोडी आणि एक गाडी. वर्षभर शेणखत, कडबा, धान्य वाहणारी ही गाडी शिमग्यानंतर आमचे घर व्हायची. मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, रंगपंचमीचा दिवस मोठा. गाडीवर तट्ट्याचे कमानीसारखे छप्पर बांधायचे, खाली कडब्याचा थर, वर गोधड्या. आई मागे पिठाचा डबा आणि तवा ठेवायची. दोन-तीन मुक्काम त्या गाडीत आणि गाडीखाली व्हायचे. आज ज्याला कॅम्पिंग म्हणतात ते आम्ही केले, पण त्याला काही नाव असते हे ठाऊक नव्हते.

या यात्रेच्या आधी, महाशिवरात्र झाली की, गाडीला तेल पाजायचा कार्यक्रम असे. 'पाजायचा' हाच शब्द. उन्हे तापू लागलेली, लाकूड वर्षातले सगळ्यात कोरडे. दादा गाडी सोडवून चाके भिंतीला टेकवत. जवसाचे तेल कोमट करायचे आणि चिंधीने चोळायचे. आरे जिथे तुंब्यात शिरतात तिथे, साट्याच्या फळ्यांच्या टोकांना, जिथे जिथे लाकडाची आडवी कापलेली तोंडे आहेत तिथे तीन-तीन वेळा. मी सपाट फळीवर जोरात हात फिरवायचो, कारण तिथे काम दिसते. दादा म्हणायचे, "पोरा, लाकूड पाठीनं पाणी पीत नाही, तोंडानं पितं. आधी तोंड बंद कर."

पुढे शिक्षक झाल्यावर मुलांना विज्ञानही शिकवावे लागले, तेव्हा याचा अर्थ लागला. झाडात पाणी वर चढते ते उभ्या नळ्यांमधून. लाकूड आडवे कापले की त्या नळ्या उघड्या पडतात. प्लायची कड म्हणजे अशा उघड्या नळ्यांचा थरावर थर. पाणी तिथून आत जाते आणि वरचा चकचकीत रंग काही करू शकत नाही. उलट आत गेलेले पाणी तो बाहेर पडू देत नाही. जवसाच्या तेलाचीही गंमत अशी की ते पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होते, त्याची पातळ कातडी बनते. (म्हणून त्याच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. आपोआप तापून पेट घेतात.) तेच तेल शिजवले की लवकर वाळते, ते पेंटरचे 'बेलतेल'. म्हणजे बॉइल्ड ऑइल! एरंडेल मात्र वाळत नाही, म्हणून ते कण्याच्या वंगणाला.

तेल मुरले की रंग. तोही तेलातच कालवलेला. लाकडाला गेरू आणि लोखंडी पट्ट्यांना शेंदूर. गेरू म्हणजे लोखंडाचा गंजच, मातीत सापडणारा. रंगाच्या दुकानात 'रेड ऑक्साइड' म्हणून मिळतो त्याचा गाववाला भाऊ. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. हाच शेंदूर तेलात कालवून जगभर जहाजांना आणि लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून लावत असत. आमच्या वेशीवरचा मारुती उन्हापावसात उघडा उभा होता, त्याच्या अंगावरही तोच. दादा एकाच वाटीतून आधी मारुतीला बोट लावत आणि मग गाडीच्या पट्टीला.

आपल्या नगरला रस्त्यावरच्या लाकडाचा आणखी एक इतिहास आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एसटी धावली ती नगर-पुणे मार्गावर. तिची बॉडी लाकडी होती. रंग निळा आणि वर चंदेरी. म्हणजे बैलगाडीचीच थोरली बहीण. सुतार, लोहार आणि रंगारी असे तिघे मिळून गाडी उभी करत. पुढे अॅल्युमिनियमचे पत्रे आले, लाल रंग आला आणि 'लाल डबा' सगळ्यांच्या ओळखीचा झाला.

परदेशातही हाच प्रवास झालेला दिसतो. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १८८५ मध्ये हौसेने फिरण्यासाठी घोड्यांनी ओढायचे घर बांधून घेतले. ते उत्तम महोगनीचे होते. अमेरिकेत वॉली बायम नावाचा गृहस्थ घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा याचे नकाशे लोकांना विकत असे. लाकूड आणि प्लाय वापरून लोक आपापल्या अंगणात बांधत. त्याच बायमने १९३६ मध्ये रिव्हेट मारलेल्या अॅल्युमिनियमचे ट्रेलर काढले. त्याला रंगच लागत नाही! पण घरी बांधणाऱ्याच्या वाट्याला लाकूडच आले आणि लाकडाबरोबर त्याचे दरवर्षीचे काम आले.

आता जी गोष्ट लिहायला इतके दिवस लागले ती लिहितो.

१९७२ च्या दुष्काळात आमची बैलजोडी गेली. गाडी राहिली. मला त्याच सुमारास दुसऱ्या तालुक्यात नोकरी लागली. दादांचे गुडघे गेले होते. दर शिवरात्रीला त्यांचे पोस्टकार्ड यायचे. इकडचे-तिकडचे लिहून शेवटी एक ओळ असायची, "गाडीला तेल द्यायला येऊन जाणे." मी गेलो नाही. परीक्षा, पेपर, लग्न, मुले. खरे सांगायचे तर मला वाटायचे, बैल नाहीत तर गाडीला तेल कशाला? त्यांना ती वापरायची नव्हती. त्यांना ती टिकवायची होती, आणि हे मला कळले नाही. चार पावसाळ्यांनी साट्याची टोके भुसभुशीत झाली, एका चाकाचे आरे तुंब्यातून सुटले. लाकूड चुलीत गेले. दादा त्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरच्या पोस्टकार्डात ती ओळ नव्हती, एवढेच.

त्या गाडीची एक लोखंडी पट्टी माझ्याकडे आहे. शेंदराखाली अजून गंज नाही.

नातवाला हे सगळे सांगून मी मोठ्या उत्साहाने जवसाच्या तेलाची बाटली आणली. तो म्हणाला, "आजोबा, मी कडांना इपॉक्सी देणार आहे. ती तेलावर धरत नाही." मी वाद घातला नाही, कारण त्याचे बरोबर होते. आणि जुने ते सगळे सोने नसते. तो शेंदूर मी उघड्या हाताने कालवायचो आणि त्याच हाताने भाकरी खायचो. शिसे मुलांच्या मेंदूला किती घातक आहे हे आज आपल्याला माहीत आहे. घरगुती रंगात दहा लाख भागांत नव्वद भागांहून जास्त शिसे नको, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. दादांना यातले काही ठाऊक नव्हते.

मग आम्ही त्याच्या पद्धतीने काम केले. सडलेली कड कापून काढली. महिनाभर सगळे उघडे ठेवून वाळवले. नवा तुकडा मरीन प्लायचा बसवला. कडांना इपॉक्सीचे तीन हात, मग लांबी, पॉलिश पेपर, प्रायमर आणि वर रंग. खिडक्यांच्या आणि छपराच्या सांध्यांत सीलंट. पांढरा रंग त्याने ठेवला ते चांगले केले, आपल्या उन्हात गडद रंग तापतो आणि लवकर विटतो. माझ्या तेलाला मात्र आतल्या लाकडी फळीवर जागा मिळाली. ती मीच चोळली, टोकांना तीनदा.

शेवटी तो म्हणाला, "आता पाच वर्षं बघायला नको."

मी म्हटले, "दरवर्षी बघायचं. शिवरात्र झाली की बोटाने प्रत्येक सांधा चाचपायचा. भुकटी हाताला लागली तर रंग उन्हाने मेला समज. तडा दिसला तर त्याच दिवशी बुजव."

त्याने मोबाईलमध्ये तारीख टाकली. दरवर्षी आठवण येईल म्हणाला. मी सांगितले, "शिवरात्रीची तारीख दरवर्षी बदलते रे, कॅलेंडर बघून टाक." त्याने पुन्हा टाकली.

असो. तुमच्याकडे गाडीला, होडीला, वाड्याच्या दाराला काय लावत असत? कोकणातले वाचक काजूच्या टरफलाच्या तेलाबद्दल नक्की सांगू शकतील. आणि घरात कुणी म्हातारे माणूस 'जरा तेल द्यायला ये' म्हणत असेल, तर एक रविवार काढून जाऊन या.