तळटीप ४ : डहाणूकडचे हादरे

४. डहाणूकडचे हादरे : पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून सुरू झालेली भूकंपमालिका. लगतच्या दादरा-नगर हवेलीतही ती जाणवली. बहुतेक धक्के लहान होते, तरी भिंतींना तडे गेले आणि धुंदलवाडी परिसरात लोक घराबाहेर तंबूंत निजले. लेखकाने पुढे किल्लारीचा दाखला दिला आहे. तेथे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, सुमारे ६.२ तीव्रतेच्या धक्क्याने, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. वारली घराचा कारवीचा, शेणामातीने लिंपलेला कूड त्या मानाने कितीतरी हलका आणि लवचीक. १६ जून १८१९च्या कच्छ भूकंपाने तर भूगोलच बदलला : सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला आणि त्याच्या उत्तरेला ‘अल्लाबंद’ हा लांबलचक उंचवटा वर आला. कच्छमधल्याच २६ जानेवारी २००१च्या भूकंपात २०० किलोमीटरहून दूर, अहमदाबादेत, बहुमजली इमारती पडल्या. केंद्र दूर आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. सिल्वासात मजल्यावर मजले चढवताना हे ध्यानात ठेवायलाच हवे. — संपा.