शहाबादी आणि लिंबू

आमच्या गोव्यातल्या जुन्या घरात जमीन धूत नसत, ती सारवत. शेणकाल्याचा नवा हात दिला की जुने डाग खाली गाडले जात. हैदराबादेत कोठीला एका नातेवाइकांकडे उतरलो तेव्हा पायाखाली शहाबादी फरशी होती, आणि तिला नवा हात देता येत नाही!

ब्रिटिश रेसिडेन्सीच्या कोठीवरून या भागाला नाव पडले. पुढे जवळच जांबागला विवेकवर्धिनी उभी राहिली, आसपास मराठी घरे रुजली. शहाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात. १९५६ मध्ये ते म्हैसूर राज्यात गेले. त्याच्या शेजारच्या वाडीपासून सिकंदराबादेपर्यंत १८७४ मध्ये रेल्वे सुरू झाली, त्यामुळे हा जड दगड आणणे सोयीचे झाले.

त्या घरच्या काकू रात्री रिठे भिजत घालीत. सकाळी ते कुस्करून, गाळून, त्या पाण्याने फरशी पुसायची. मागून साधे पाणी. तेलाचा डाग असला तर त्यावर बेसन भुरभुरून ठेवायचे, तेल शोषले की झाडून घ्यायचे.

मी मात्र शहाणपणा केला. आमच्याकडे तांब्याला चिंच लावतात, म्हणून चहाच्या डागावर लिंबू चोळले. डाग गेला, त्याबरोबर फरशीची चमकही गेली. शहाबादी म्हणजे चुनखडक, आंबट लागले की तो विरघळतो. लिंबू, चिंच, व्हिनेगर सगळे त्याला सारखेच. घरचे, झाडाचे म्हणून निरुपद्रवी, हा माझा समज तिथेच संपला.

काकू काही बोलल्या नाहीत. त्या फिक्या गोलावर त्यांनी पाट सरकवला आणि मला जेवायला त्यावरच बसवले.