ग्रीन कार्ड, कौटुंबिक (नागपूर)

ग्रीन कार्ड, कौटुंबिक : नात्याच्या आधारे अमेरिकेत कायम राहण्याचा मिळणारा परवाना. प्रस्तुत नोंद नागपूर व विदर्भातील अर्जदारांपुरती आहे. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने नाते आणि कौशल्य यांना प्राधान्य दिले. आज लागू असलेले व्हिसांचे आकडे १९९० च्या कायद्यातले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९४७) आणि विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०, आताचे व्हीएनआयटी) यांचे पदवीधर आधी गेले, मागोमाग घरच्यांचे अर्ज आले.

पात्र नाती : अमेरिकी नागरिकाचा पती वा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि नागरिक स्वतः २१ वर्षांचा झाला असल्यास त्याचे आईवडील, यांना संख्येची मर्यादा नाही. नागरिकाची मोठी वा विवाहित मुले आणि भावंडे रांगेत लागतात. ग्रीन कार्डधारकाला आईवडील किंवा भावंडे बोलावता येत नाहीत. तो पती-पत्नी व अविवाहित मुले यांचाच अर्ज भरू शकतो, आणि वाट पाहता पाहता मुलाने लग्न केले तर तो अर्ज बाद होतो. सासूसासरे, आजीआजोबा, काका, मामा यांच्यासाठी श्रेणीच नाही. आपल्याकडे चुलतभावालाही भाऊच म्हणतात. फॉर्मवर तो चालत नाही.

रांग : भावंडांच्या श्रेणीत (एफ-४) साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि साधारणपणे कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक नाहीत. २०२५ मध्ये भारतात जन्मलेल्यांसाठी २००६ सालचे अर्ज ‘करंट’ होत होते, म्हणजे त्यांचा नंबर लागत होता. देश जन्मस्थळावरून ठरतो, नागरिकत्वावरून नव्हे. अर्ज भरताना रांगणारे भाचे-पुतणे नंबर लागेपर्यंत २१ ओलांडतात. २००२ च्या कायद्याने अर्ज मंजूर होण्यात गेलेला काळ वयातून वजा करता येतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या रांगेत ही सूट तोकडी पडते.

एच-४ : ग्रीन कार्ड नव्हे; एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या धारकाची पत्नी वा पती आणि मुले यांचा व्हिसा. जोडीदाराला २०१५ पासून काही अटींवर नोकरीची परवानगी. तिच्याविषयी न्यायालयीन वाद झाले.

कागदपत्रे : कायदा नाते विचारतो, ते सिद्ध करण्याचे ओझे मात्र कागदावर पडते, आणि विदर्भात खरी अडचण इथेच येते. आईसाठी अर्ज करणाऱ्याच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव हवे; वडिलांसाठी शिवाय आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा हवा. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या खेड्यातल्या जन्मासाठी कोतवाल पंजी पाहावी लागते. गावचा कोतवाल जन्ममृत्यू टिपून ठेवी. त्या नोंदींच्या नकला तहसील कचेरीतून मिळतात आणि आज त्या प्रामुख्याने जातपडताळणीसाठी काढल्या जातात. या नोंदीत बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी एवढे असते. बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. अशा वेळी अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला (बोलीत ‘टीसी’) आणि वडीलधाऱ्यांची शपथपत्रे जोडतात. जुन्या टीसीवर आईचे नाव क्वचितच सापडते. आईचे नाव कागदोपत्री सक्तीचे करण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. त्यांच्या आज्यांना त्याचा उपयोग नाही.

शहरातल्या नोंदींना आणखी एक पेच आहे. नागपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, नंतर ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले. १९५५, १९५८ आणि १९६१ साली महाल भागातल्या एकाच घरात जन्मलेली भावंडे कागदोपत्री तीन राज्यांची ठरतात.

नावांचे घोळ याहून किचकट. टीसीवर ‘विठ्ठल’, सातबाऱ्यावर ‘विठोबा’, पासपोर्टवर ‘विठ्ठलराव’ : गावाला हा माणूस एकच, अधिकाऱ्याला तिघे वाटू शकतात. बायकांचे तर लग्नात नावच बदलते. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेले ते नाव पुढे रेशनकार्डावर चढते, माहेरचे टीसीत राहते, आणि दोन्ही जोडणारा कागद कुठेच नसतो. राजपत्रातली नावबदलाची जाहिरात किंवा शपथपत्र हाच उपाय. आईवडिलांचे लग्न नोंदवलेले नसल्यास लग्नपत्रिका, फोटो व साक्षीदारांची शपथपत्रे देतात. मराठी कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. मोडीतली नोंद असल्यास आधी देवनागरी लिप्यंतर.

दत्तक : दत्तविधान सर्वसाधारणपणे मूल १६ वर्षांचे होण्याआधी झालेले हवे, आणि दोन वर्षांचा ताबा व सहवास. आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराखालील वाट वेगळी. (वारसाच्या प्रश्नावर डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा केले, दत्तकाचा कागद या शहराला नवा नाही.) भावाचे मूल केवळ अमेरिकेला नेण्यासाठी दत्तक घेतल्याचा संशय आला तर चौकशी कडक होते.

उत्पन्न : बोलावणाऱ्याचे उत्पन्न सामान्यतः तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के.

लॉटरी (‘डायव्हर्सिटी’ व्हिसाची सोडत) : भारतात जन्मलेले अपात्र, जोडीदाराच्या जन्मदेशावरून क्वचित सवलत.

मुलाखत : नागपूर मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येते. हे कार्यालय २०११ मध्ये ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात गेले. सोळा वा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला पोलीस ना-हरकत दाखला लागतो. तो पासपोर्ट कार्यालय देते, आणि ते कार्यालय नागपुरात आहे.