बांबूची बासरी आणि लग्नघर

हल्ली लग्न ठरले की मुलगा आणि मुलगी दोघे मिळून पहिली अट घालतात ती आवाजाची. बँड नको, कर्णा नको; विधी चालू असताना मागे काहीतरी शांत, मंद वाजत राहावे. या ‘काहीतरी’ला अलीकडे एक नाव मिळाले आहे, झेन संगीत. घरातली वडील मंडळी मात्र बिचकतात. सनई-चौघड्याशिवाय मंगल कार्य कसे व्हायचे, आणि हे परके सूर शुभ की अशुभ, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या जपानातून हे सूर आले, तिथेही लग्नात काय वाजवावे आणि काय वाजवू नये याचा विचार फार बारकाईने झालेला आहे.

आधी या नावाचे बारसे कुठे झाले ते पाहू. टोनी स्कॉट हा अमेरिकेतला जाझ वाजवणारा क्लॅरिनेटवादक. १९६४ साली तोक्योमध्ये त्याने दोन जपानी कलावंतांना सोबत घेतले, कोतो वाजवणारे युइझे शिनइची आणि शाकुहाची वाजवणारे यामामोतो होझान. तिघांनी मिळून बरेचसे ऐन वेळी सुचेल तसे वाजवले. ‘झेन ध्यानासाठी संगीत’ अशा अर्थाच्या नावाने ती रेकॉर्ड निघाली आणि पाश्चात्त्य देशांत खपली. मन शांत करणाऱ्या रेकॉर्डींची पुढे जी रांग लागली, तिच्यात पहिली म्हणून पुष्कळदा हिचेच नाव घेतात. म्हणजे आपण ज्याला प्राचीन समजतो, त्या नावाचे वय साठ-एक वर्षांचे! झेन मठात जाऊन पाहिले तर तिथे ऐकू येते ती घंटा, लाकडी माशावर पडणारे ठोके आणि सूत्रपठण. कोतो तिथे शोधूनही सापडायची नाही.

पण शाकुहाचीचे तसे नाही. या बांबूच्या बासरीचे झेनशी नाते खरे आहे, फक्त ते जरा आडवळणाचे आहे. पुढे चार भोके, मागे एक, आणि लांबी एक शाकु आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. या मापावरूनच तिचे नाव पडले. एदो काळात फुके नावाच्या झेन पंथाचे भिक्षू, कोमुसो, ही बासरी वाजवीत गावोगाव भिक्षा मागत. डोक्यावर वेताची टोपली उलटी घातलेली, चेहरा पार झाकलेला. पंथात प्रवेश होता तो सामुराई वर्गालाच, त्यामुळे धनी गमावलेले कितीतरी सामुराई या टोपलीखाली आले. कुठेही हिंडायची मोकळीक आपल्याला १६१४ सालच्या सनदेने मिळाली आहे, असे ते सांगत. ती सनद बनावट असल्याचे इतिहासकार सांगतात. (बनावट सनदा आपल्याकडच्या अभ्यासकांनाही नव्या नाहीत म्हणा!) बनावट असो वा खरी, तिच्या आडोशाला एक संगीत मात्र वाढले. बासरी वाजवणे ही त्यांची उपासना होती, आणि तिला ते ‘सुइझेन’, म्हणजे फुंकण्याचे झेन, म्हणत. कुरोसावा किंको (१७१० ते १७७१) याने ठिकठिकाणच्या भिक्षूंकडून या रचना गोळा केल्या. १८७१ साली मेइजी सरकारने फुके पंथच बरखास्त केला. धर्म गेला, आणि बासरी मैफलीत आली.

आता लग्नघराकडे वळू. जपानी माणसाचा बौद्ध मंदिराशी संबंध येतो तो मुख्यतः अंत्यविधी आणि पितरांच्या निमित्ताने. लग्न म्हटले की त्याला देऊळ आठवत नाही. पूर्वी तर लग्न घरीच व्हायचे. तीन प्याल्यांतून तीन-तीन घोट मद्य घेतले की लग्न लागले. आणि त्या वेळी कोणीतरी जाणता माणूस बैठक मारून ‘ताकासागो’तला भाग गायचा. हे झेआमीचे नो नाटक. ताकासागो आणि सुमियोशी इथली दोन पाइन झाडे म्हणजे एकमेकांपासून दूर राहूनही जोडपे असलेले म्हातारा-म्हातारी, अशी त्याची कल्पना. वाद्य नाही, ठेका नाही, नुसता खर्जातला आवाज. विशेष असे की त्या ओळींत ‘निघणे’, ‘दूर’ अशा अर्थाचे शब्द येतात, आणि लग्नात गाताना ते बदलून म्हणतात. नव्या जोडप्याच्या कानावर ताटातुटीचा शब्द नको! आपल्या आजीबाईंना हे अगदी पटले असते.

देवळातले लग्न त्या मानाने अलीकडचे. १० मे १९०० रोजी युवराज योशिहितो यांचा विवाह राजवाड्यातल्या देवघरात झाला, आणि पुढच्याच वर्षी तोक्योच्या हिबिया दाइजिंगू या शिंतो देवळाने तसाच विधी सर्वसामान्यांसाठी आखून दिला. त्याबरोबर दरबारी गागाकू संगीतही लग्नात रूढ झाले, विशेषतः ‘एतेनराकू’ ही रचना. तिच्यात मुख्य चाल वाजवते ते हिचिरिकी, दुहेरी पत्तीचे छोटे वाद्य. आपली सनईही दुहेरी पत्तीचीच. आवाज तसाच चिरका, भेदक, लांबवर जाणारा. तेव्हा सनईला ‘गोंगाट’ म्हणून बाजूला सारणाऱ्या मुलामुलींनी जपानी लग्न एकदा ऐकावेच. शांत विधी म्हणजे मऊ आवाज, ही समजूत जपानची नव्हे. गागाकूशी आपला दुरून संबंधही आहे. भारतीय भिक्षू बोधिसेन ७३६ साली जपानला पोचला आणि ७५२ साली नारा येथील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन त्याच्या हातून झाले. त्याच्याबरोबर आलेल्या चंपा देशच्या भिक्षूने आणलेली नृत्ये आणि गीते दरबारी संगीतात मिसळली, अशी जपानी परंपरा आहे.

मग लग्नासाठी निवडायचे काय? माझ्या मते पाकिटावरचे ‘झेन’ हे नाव बघून काहीच घेऊ नये. त्या त्या रचनेची हकीकत विचारावी. पाहुणे येत असताना मियागी मिचिओ यांचे ‘हारु नो उमी’, म्हणजे वसंतातला समुद्र, लावावे. मियागी (१८९४ ते १९५६) यांची दृष्टी लहानपणीच गेली होती. डोळे असताना पाहिलेला सेतोचा समुद्र त्यांनी १९२९ साली कोतो आणि शाकुहाचीत बांधला. जपानात नव्या वर्षाच्या दिवसांत ही रचना घरोघर, दुकानोदुकानी ऐकू येते, त्यामुळे तिला शुभाचा वास आहे.

भिक्षूंच्या रचनांपैकी बहुतेक लग्नाला मानवणार नाहीत. त्या एकट्याने बसून ऐकायच्या. एक मात्र वेगळी आहे, ‘त्सुरु नो सुगोमोरी’, क्रौंचांचे घरटे. जोडीने घरटे बांधायचे, पिले वाढवायची, आणि पंख फुटले की त्यांना उडू द्यायचे. बासरीतली फडफड ऐकताना हे सगळे डोळ्यांपुढे येते. यामागुची गोरो यांनी वाजवलेली ही रचना १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अवकाशात गेली. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. ही क्रौंचांची रचना अक्षतांच्या वेळी लावू नये. तिची जागा पाठवणीची. मुलीची आई दारात उभी असेल तेव्हा ती हळू आवाजात चालू करावी, आणि मग वाटल्यास भैरवी. भैरवी शेवटी गाण्याचा आपला रिवाजही त्यात सांभाळला जातो.

राहता राहिली मंगलाष्टके. ती सुरू झाली की रेकॉर्ड बंद ठेवावी. शार्दूलविक्रीडिताला स्वतःची चाल आणि स्वतःचा विसावा आहे, शाकुहाचीच्या जुन्या रचनांना ताल नाही, आणि दोन्ही एकदम ऐकू आली तर भटजी दुसऱ्या चरणालाच अडखळतील.